दहा-बारा वर्षं जुनी सेडान घ्यावी का? नागपुरात गाडी पाहताना काय तपासायचं, कसं तपासायचं

नवीन छोट्या गाडीपेक्षा कमी पैशात आज नागपुरात दहा-बारा वर्षं जुनी होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हेंटो किंवा स्कोडा रॅपिड मिळते. मागे तीन माणसं आरामात बसतात, डिकीत लग्नाला निघालेल्या घराचं सामान मावतं, हायवेवर गाडी पक्की धरून चालते. मोह पडणारच, आणि दरवेळी तो चुकीचाही नसतो. पण या व्यवहारात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. दहा वर्षांत गाडीची किंमत पडते, तिच्या पार्टची पडत नाही. तीन लाखांत घेतलेल्या सिटीला स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगला चाकांशी जोडणारा भाग) लागला, तर तो तीन लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाही, दहा-बारा लाखांच्या गाडीच्याच भावात मिळतो.

म्हणून "गाडी केवढ्याला?" याआधी "ही गाडी पहिल्या वर्षात माझ्याकडून आणखी किती काढेल?" हे विचारायचं. खालची सगळी तपासणी त्या एका आकड्यासाठी आहे. अपवाद तीन: पुरात बुडालेली गाडी, चेसिसपर्यंत, म्हणजे सांगाड्यापर्यंत, ठोकलेली गाडी आणि इंजिन तापून गेलेली गाडी. या तिन्हींचा हिशेब मांडत बसू नका, त्या सोडूनच द्या. बाकी दोष पैशात मोजता येतात, आणि जे मोजता येतं त्यावर भाव करता येतो.

आधी घरी बसून हिशेब

समजा, मालक सव्वातीन लाख सांगतोय. चार टायर जुने झालेत, त्यांचे २४ हजार धरा. बॅटरी ६ हजार. शॉकअप, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड मिळून सस्पेन्शनचं काम २० हजार. एसीचं काम १५ हजार. सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड १० हजार. इन्शुरन्स आणि ट्रान्सफरचा खर्च १५ हजार. बेरीज ९० हजार. म्हणजे गाडी सव्वातीनची नाही, ४ लाख १५ हजारांची आहे. आता या पैशात बाजारात दुसरं काय मिळतं ते पाहा. हे आकडे फक्त मांडणीसाठी आहेत, तुमच्या गाडीचे तुमच्या मेकॅनिककडून घ्या. माझा साधा नियम असा: पहिल्या वर्षाचं काम सांगितलेल्या किमतीच्या पाव भागाच्या वर जात असेल, तर भाव तेवढा उतरलाच पाहिजे, नाहीतर पुढची गाडी पाहायची.

भाव करताना आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि मोठ्या गाड्यांवरही सेस (जादा कर) जाऊन सरळ ४० टक्के झाला, म्हणजे एकूण कर कमीच झाला. नवीन स्वस्त झाली की जुनीचा भाव तिथेच कसा राहील? विकणारा मात्र त्याआधीचाच भाव डोक्यात घेऊन बसलेला असतो. त्याला हे शांतपणे सांगायचं.

इन्शुरन्समध्येही एक खाच आहे. थर्ड पार्टी हप्ता (समोरच्याच्या नुकसानीसाठीचा, सक्तीचा) इंजिनच्या सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खाजगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये. पेट्रोल सिटी १४९७ सीसीची, सियाझही १५०० च्या आत. पण १.६ लिटरची व्हर्ना, व्हेंटो किंवा रॅपिड घेतली की दरवर्षी साडेचार हजारांच्या आसपास जास्त जाणार. गाडी चांगली असेल तर एवढ्यासाठी सोडायची गरज नाही, पण हिशेबात लिहा.

पेट्रोल की डिझेल, मॅन्युअल की ऑटोमॅटिक

रोजचं जाणं मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स असेल तर जुनं डिझेल घेऊ नका. इंजेक्टर, टर्बो, हाय प्रेशर पंप यातलं एक जरी गेलं, तरी दोन-तीन वर्षांत डिझेलवर वाचवलेले पैसे एका बिलात जातात. महिन्यात दोनदा पुणे-संभाजीनगर करणाऱ्याची गोष्ट वेगळी. सियाझमधलं १.३ लिटर डिझेल इंजिन इतक्या गाड्यांत बसलं होतं की ते उघडून बसवणारा मेकॅनिक जवळपास प्रत्येक वस्तीत सापडतो. व्हेंटो-रॅपिडचं १.५ टीडीआय डिझेल इंजिन हायवेवर मजा आणतं, पण त्याला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल हातात मिळालं नाही, तर बदलण्याचा खर्च तुमच्या खात्यात धरा.

पेट्रोलमध्ये, एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या २० टक्के इथेनॉलचा विचार करून बनवलेल्या नाहीत आणि पंपावर आता तेच पेट्रोल मिळतं. म्हणून गाडी घाबरून सोडायची नसते. फक्त फ्युएल पाइपचे रबर पाहा, टाकीजवळ आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो का पाहा, आणि ॲव्हरेज मालक सांगतो त्याहून थोडं कमी धरा. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलंय का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालीय का, हे विचारा.

ऑटोमॅटिकबाबत माझं मत कडक आहे. सिटीचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक), वेळच्या वेळी ऑइल बदललं असेल तर, घेण्यासारखा. व्हेंटो-रॅपिडमधला सात गिअरचा ड्युअल क्लच डीएसजी मात्र वॉरंटीबाहेर, नागपूरच्या उन्हात आणि गर्दीत, मी तरी घेणार नाही. गिअर बदलणारं त्याचं मेकाट्रॉनिक युनिट गेलं की जे बिल येतं, ते पाहून माणूस गाडी विकायला काढतो. ती विकायला निघालेलीच आपण पाहत नाही ना, एवढं लक्षात ठेवायचं.

गाडी पाहायला जाण्याआधी कागद

विकणाऱ्याला फोनवरच आरसी, चालू इन्शुरन्स आणि मागच्या एका वर्षाची पॉलिसी यांचे फोटो मागा. जो हे पाठवायला कुरकुर करतो, त्याच्याकडे जाण्यात पेट्रोल घालवू नका.

नंबर मिळाला की परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर टाका. मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, रजिस्ट्रेशन कधीपर्यंत, इन्शुरन्स चालू आहे का, हे तिथेच दिसतं. ई-चलान वेगळं तपासा. सिग्नलवर कॅमेरे लागल्यापासून नागपुरात एकेका गाडीवर चलानांची रांग लागलेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो.

नंबरपासूनच थोडं कळतं. एमएच ३१ म्हणजे नागपूर शहर, एमएच ४९ पूर्व नागपूर, एमएच ४० ग्रामीण. या तिन्हींपैकी असेल तर कागदाचा ताप कमी. दिल्लीची गाडी मात्र वेगळी. तिथल्या परिसरात दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. तो नियम नागपूरला लागू नाही, पण तिकडची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), इथे नव्याने भरायचा रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीचशी उतरते. एनओसी हातात नसलेली बाहेरच्या राज्याची गाडी मी पाहायलाही जात नाही.

रजिस्ट्रेशनची तारीख नीट वाचा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. २०१२ ची गाडी घेतली तर २०२७ मध्ये तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागेल. त्याची केंद्राची फी १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी ५,००० रुपये झाली आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात घालावीच लागते असं नाही. तपासणीत पास झाली तर चालते. पण पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरची गाडी दहा-बारा वर्षांच्या गाडीच्या भावात घेऊ नका.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) मागा. मालक वारलेले असतील आणि मुलगा विकत असेल, तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या, मग बोला.

गाडी पाहायची वेळ

दोनदा पाहायची. एकदा सकाळी, इंजिन थंड असताना. दुसऱ्यांदा भर दुपारी एकच्या सुमारास. संध्याकाळी बाजारातल्या ट्यूबलाइटखाली पाहू नका, तिथे सगळ्याच गाड्या चमकतात.

सकाळी गेल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणं. गरम लागला तर तुम्ही येण्याआधी गाडी चालू करून ठेवलेली आहे. थंड इंजिन कसं उठतं, किती धूर सोडतं, चेन किती वेळ खडखडते, हेच विकणाऱ्याला लपवायचं असतं. "भाऊ, आत्ताच धुवून आणली ना, म्हणून गरम आहे," असं उत्तर येईल. ठीक आहे म्हणायचं आणि उद्या न सांगता यायचं.

दुसरं उत्तर सगळीकडे ऐकू येतं: "डॉक्टरसाहेबांची गाडी होती, घर ते हॉस्पिटल. काहीच काम नाही निघत, फक्त पेट्रोल टाका अन् चालवा." नागपुरात डॉक्टरांच्या इतक्या गाड्या विकायला आहेत, की बिचारे दवाखान्यात पायी जात असावेत.

पहिला नकार: पाण्यात गेलेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डीपर्यंत घराघरांत शिरलं. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या ज्या दुरुस्त झाल्या त्या आज कुठेतरी चालत आहेत, काही विकायलाही असतील. आरसीवर अंबाझरीचा पत्ता आहे म्हणून गाडी वाईट ठरत नाही आणि वर्ध्याचा पत्ता आहे म्हणून चांगली ठरत नाही. गाडीतच पाहावं लागतं.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या इंचापर्यंत. गाडी धुणारे सगळं धुतात, पण गुंडाळीच्या आत राहिलेला पट्टा क्वचित कोणी धुतो. तिथे मातकट आडवी रेघ किंवा बुरशीचे ठिपके दिसले की काम संपलं. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर पुढची सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट पाहा. दरवाजे बंद राहणाऱ्या गाडीत त्या जागी गंज चढायचं काही कारण नसतं. डिकीतली चटई उचला, स्टेपनी काढा, खालच्या खड्ड्यात गाळ बसलाय का पाहा. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून आतल्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का पाहा. हेडलाइटच्या आत, खालच्या कडेला वाळलेली पाण्याची रेघ राहते. आणि बारा वर्षांच्या गाडीत सीट कव्हर, कार्पेट, छताचं कापड सगळं एकदम नवं असेल, वर मोगऱ्याचा परफ्यूम घमघमत असेल, तर हा नवेपणा कशासाठी ते विचारा.

अशी गाडी आज चालते, आणि सहा महिन्यांनी एक-एक सेन्सर, मग मॉड्यूल, मग पॉवर विंडो असं सुरू होतं. कोणताही इलेक्ट्रिशियन तिला कायमची बरी करू शकत नाही. विकणारा पन्नास हजार कमी करतो म्हणाला तरी नको.

दुसरा नकार: चेसिसपर्यंतचा ठोका

बंपर आणि दरवाजे घासलेले असणारच. दहा वर्षं इतवारी-महालात शिरलेली गाडी बिनखरचटीची असेल तर उलट शंका घ्या. आपल्याला सांगाड्याला मार बसला का हे पाहायचंय. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकावरचे आतले पत्रे) आणि रेडिएटरचा वरचा आडवा पट्टा पाहा. कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल, एकसारख्या अंतरावर असतात. हाताने केलेलं वेल्डिंग लांबट आणि ओबडधोबड दिसतं. फेंडर आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहा, पाना लागला की त्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो. एक फेंडर बदलला म्हणजे गाडी ॲक्सिडेंटल नव्हे, पण एप्रन आणि पिलर (छत पेलणारे खांब) सरळ केलेले असतील तर गाडी सोडा.

सगळ्या काचांच्या कोपऱ्यातली कंपनीची खूण आणि वर्षाचा आकडा जुळवा. पुढची काच दगडाने जाते, ते समजू शकतं. एकाच बाजूच्या दोन्ही दरवाजांच्या काचा वेगळ्या वर्षाच्या असतील तर त्या बाजूने काहीतरी आदळलंय. एअरबॅगचा दिवा चावी फिरवताच लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणीतरी त्याची जोडणी तोडलीय, म्हणजे एअरबॅग कधीतरी उघडलेली असू शकते. जुन्या सिटीच्या बाबतीत एअरबॅगचं आणखी एक काम आहे. टाकाटा कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणारा भाग) होंडाने भारतातही अनेक गाड्या परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन ते काम झालंय का हे कंपनीकडून कळतं आणि राहिलं असेल तर फुकट होतं.

तिसरा नकार, आणि नागपुरातली खरी परीक्षा: ऊन

पुण्यात ठीक चालणारी गाडी इथे मे महिन्यात का बसते, याचं उत्तर बॉनेटखाली मिळतं. ४५ अंशांत, एसी चालू, व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर उभी असलेली गाडी रेडिएटरकडून जेवढं काम मागते, तेवढं थंड हवेच्या शहरात वर्षभरात मागत नाही. म्हणून या तपासणीला वेळ द्या.

थंड इंजिनवर कूलंटचं झाकण उघडा. गरम इंजिनवर कधीही नाही, भाजेल. आत हिरवं, गुलाबी किंवा निळं स्वच्छ कूलंट दिसायला हवं. तांबूस, गढूळ पाणी दिसलं तर मालकाने उन्हाळाभर नळाचं पाणी ओतलंय आणि आत गंज आणि क्षार बसलेत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय, हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलंय. गाडी तिथेच सोडा.

आता सुरू करा. दोन-तीन मिनिटांतच वरचा रेडिएटर पाइप दगडासारखा ताठ झाला किंवा कूलंटच्या बाटलीत सारखे बुडबुडे येत राहिले, तर इंजिनातलं कॉम्प्रेशन, म्हणजे दाबाखालचा वायू, पाण्यात शिरतंय. ऑइल भरायचं झाकण काढून पाहा, तिथून फुसफुस धूर जोरात येत असेल तर मेकॅनिक म्हणतात तसं बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टन रिंग गेल्या. मागे निळा धूर, तोही बहुधा त्याच कारणाने.

यानंतर जुगाड शोधा. आपल्याकडे तापणाऱ्या गाडीवर दोन ठरलेले इलाज होतात: थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिनाचं तापमान ठरावीक ठेवणारा) काढून फेकायचा आणि रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करायचा. चावी फिरवताच, थंड इंजिनवर आणि एसी बंद असताना फॅन घूं करून सुरू झाला, किंवा डॅशखाली कुठेतरी वेगळा बटन लावलेला दिसला, तर या गाडीचा तापायचा इतिहास आहे. विकणारा म्हणेल, उन्हाळ्यासाठी सोय केली. सोय नाही ती, आजार झाकलाय. काही गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. त्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा हजारभर रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मिळतो, तो लावून मोबाइलवर आकडा पाहा. चालून तापलेलं इंजिन साधारण ८५ ते १०० अंशांच्या पट्ट्यात राहतं, फॅन मधूनमधून लागतो आणि बंद होतो. आकडा ७० च्या वर जातच नसेल तर थर्मोस्टॅट नाही. १०५ ओलांडून वर सरकत असेल तर निघा.

दुपारच्या फेरीत एसी बघायचा. गाडी तासभर उन्हात उभी राहू द्या, मग सगळ्या काचा लावून एसी पूर्ण, आणि जागेवरच वीस मिनिटं. चालत्या गाडीत सगळेच एसी थंड करतात. उभ्या गाडीत दहा मिनिटांनंतर गार हवा कोमट होऊ लागली तर कंडेन्सर, फॅन किंवा कॉम्प्रेसर यातलं काहीतरी थकलंय. "गॅस कमी आहे फक्त, हजार-पंधराशेचं काम," हे वाक्य येणारच. एसीचा गॅस बंद नळीत असतो, तो आपोआप पटकन कमी होत नाही. कमी झाला म्हणजे बहुधा गळती आहे, आणि ती डॅशमागच्या कूलिंग कॉइलमध्ये असेल तर आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. विकणाऱ्याला म्हणा, आधी तुम्हीच भरून द्या, पंधरा दिवसांनी येतो.

उन्हाचे बाकी परिणाम फक्त पैशाचे आहेत: पिवळे हेडलाइट, छतावरचा उडालेला लॅकर, कडक झालेल्या रबराच्या बीडिंग, चिकट डॅशबोर्ड. यांनी गाडी वाईट होत नाही, भाव कमी होतो.

मीटर

मीटर मागे करणं किरकोळ काम आहे, म्हणून ६०,००० चा आकडा पाहून खूश होऊ नका. क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर, स्टेअरिंगची चमक, ड्रायव्हर सीटची बसलेली कड पाहा. साठ हजारांत रबराच्या रेघा पुसल्या जात नाहीत. शोरूमची सर्व्हिस हिस्ट्री चेसिस नंबरवर मिळते, तिथे आकडा एखाद्या वर्षी मागे आलाय का पाहा. मला विचाराल तर सव्वा लाख चाललेली, सगळी बिलं असलेली गाडी, चाळीस हजार चाललेल्या बिनबिलाच्या गाडीपेक्षा कधीही बरी.

चालवून पाहायचा रस्ता

विकणारा तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावर दोन चौक फिरवून आणेल. रस्ता तुम्ही ठरवा. सेमिनरी हिल्सचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढवा. मोकळ्या सपाट रस्त्यावर ४० च्या वेगात चौथा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर गेला आणि गाडी जागची हलली नाही, तर क्लच प्लेट संपली. रामझुल्याच्या चढावर, गर्दीच्या वेळी, थांबत-थांबत निघा. ऑटोमॅटिक असेल तर धक्के, थरथर, रिव्हर्स लागायला उशीर, हे सगळं तिथेच आणि गरम झाल्यावरच कळतं.

मग वर्धा रोडचा डबल डेकर पूल. खाली महामार्ग, मधे फ्लायओव्हर, वर मेट्रो. फ्लायओव्हरवर सिग्नल नाही, त्यामुळे ठरावीक वेगात गाडी राहू द्या, रेडिओ बंद, काचा बंद. वेगाबरोबर वाढणारा घूं आवाज व्हील बेअरिंगचा किंवा खाल्लेल्या टायरचा. शहरातल्या सिमेंट रस्त्यांच्या जोडांवर टक-टक येते ती लिंक रॉड-बुशची, ती स्वस्त. स्टेअरिंग वळवताना हातात कट्ट लागतं ती रॅकची, ती महाग.

टायरचं वय बाजूच्या चार आकड्यांत असतं: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, सहा-सात वर्षांचा टायर लावून समृद्धी महामार्गावर जायचं नाही. तापलेल्या काँक्रीटवर १२० च्या वेगात तासन्‌तास चालल्यावर जुनं रबर फाटतं.

मेकॅनिकला दाखवणं

तुमचा मेकॅनिक घ्या, विकणाऱ्याचा नको. त्याला पैसे द्या, फुकट मत मागू नका. गाडी लिफ्टवर चढवायलाच लावा. खालून सायलेन्सर, ऑइल गळती, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, मागचा बीम आणि गंज दिसतो. त्या कंपनीची वर्कशॉप बाहेरच्या गाडीचीही पैसे घेऊन तपासणी करून देते, तोही मार्ग चांगला. दोन-तीन हजार गेले आणि गाडी नाकारली, तरी ते पैसे फुकट गेले असं मी धरत नाही.

लिफ्टवरून उतरल्यावर मेकॅनिककडून कामांची यादी आणि भाव कागदावर घ्या. तोच कागद विकणाऱ्यासमोर ठेवायचा. "थोडं कमी करा ना" म्हटलं की तो पाच हजार सोडतो. "टायर २४, सस्पेन्शन २०, हे तुम्ही करून देता की किमतीतून काढू?" म्हटलं की बोलणी दुसऱ्याच पातळीवर जाते.

पैसे आणि नाव

टोकन छोटं द्या आणि पावतीवर लिहून घ्या की कागद जुळले नाहीत तर ते परत. बाकी रक्कम बँकेतूनच. विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे), आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, त्याचं ओळखपत्र, दोन्ही चाव्या, एवढं समोर आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतः अक्षर-अक्षर जुळवा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का पाहा, नसेल तर तीही त्याच्याकडूनच लावून घ्या. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे परिवहन खात्याची अधिकृतता आहे का विचारा, १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे.

डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा. त्या मिनिटाआधीची चलानं त्याची, नंतरची तुमची. ट्रान्सफरसाठी तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, पण एजंट "करून देतो ना भाऊ" म्हणाला म्हणून थांबू नका. शहराचं आरटीओ गिरीपेठेत आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो. इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, म्हणून हप्त्यात थोडा फरक येईल.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑइल बदला, मालक "मागच्याच महिन्यात केलं" म्हणाला तरी. पहिला महिना शहरातच चालवा आणि दर रविवारी सकाळी, थंड इंजिनवर, कूलंटच्या बाटलीवरच्या खुणेशी पातळी जुळवून पाहा. महिनाभर ती खाली आली नाही, की मग समृद्धीवर काढायला हरकत नाही.